रयतमाउलीची चूल आणि आजचा डबा



सप्टेंबर महिना आपल्या भागात गडबडीचा असतो. बहुतेक वर्षी दशलक्षण पर्व याच सुमारास येतं. २२ तारखेला कर्मवीर भाऊराव पाटलांची जयंती असते. आणि २०१८ पासून सरकारचा ‘राष्ट्रीय पोषण माह’ही याच महिन्यात असतो. शाळेत तक्ते लागतात, मुलं वहीत पालेभाज्यांची चित्रं चिकटवतात, पिष्टमय पदार्थ, प्रथिनं, जीवनसत्त्वं असं पाठ म्हणतात. आणि मधल्या सुट्टीत त्याच दप्तरातून कुरकुरीत पाकीट बाहेर निघतं. तक्ता पाठ झाला, पण जिभेपर्यंत पोचला नाही.

लहान मुलांना आहार शिकवायचा कसा, याचं एक उत्तर आपल्याच सातारा-सांगलीच्या इतिहासात आहे. त्यात एका जैन गृहिणीची चूलही आहे, म्हणून आज त्यावर लिहिते.

भाऊराव पाटलांचा जन्म १८८७ साली कुंभोजला, बाहुबलीच्या डोंगराजवळच्या आजोळी झाला. घराणं वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. आज आपण सातारा आणि सांगली असे दोन वेगळे जिल्हे म्हणतो, पण तेव्हा वाळवा सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ मध्ये उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे भाग झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला ‘सांगली’ हे नाव मिळालं. भाऊरावांचं काम या दोन्ही भागांत पसरलेलं आहे.

ते स्वतः कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकले होते. त्यामुळे खेड्यातल्या मुलाच्या शिक्षणात पहिली अडचण पाटी-पुस्तकाची नसते, दोन वेळच्या भाकरीची असते, हे त्यांना माहीत होतं. मिरजेजवळच्या दुधगावात सहकाऱ्यांबरोबर त्यांनी विद्यार्थ्यांसाठी आश्रम काढला. तिथली मुष्टिफंडाची पद्धत मला फार मोलाची वाटते. घरातल्या बाईने रोज दळायला बसताना एक मूठ धान्य बाजूला काढायचं आणि ते मुलांच्या जेवणासाठी द्यायचं. कुणाकडे देणगीची पावती नाही, कुणाचं नाव फळ्यावर नाही. मी कॉमर्सची पदवीधर, त्यामुळे हिशेबाची सवय जात नाही. एक मूठ साधारण पन्नास ग्रॅम धरली, तर शंभर घरांतून रोज पाच किलो धान्य होतं. पाच किलो पिठात लहान मुलांची एक मोठी पंगत आरामात उठते. आपल्याकडे आहारदान आणि ज्ञानदान यांची नावं चार दानांत येतात. दुधगावच्या जात्यावर ती दोन्ही दानं एकाच मुठीतून होत होती.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली. १९२४ मध्ये भाऊरावांनी साताऱ्यात वसतिगृह उघडलं. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचं ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असं नामकरण झालं. मराठा, जैन, मुसलमान, महार, मांग अशा सगळ्या जातिधर्मांची मुलं एका छपराखाली राहत, एका चुलीवरचं खात आणि एका पंगतीत बसत. त्या काळी गावाच्या पाणवठ्यावरसुद्धा हे शक्य नव्हतं.

तिथली कामं मुलंच करत. दळण, पाणी, लाकूडफाटा, स्वयंपाक, भांडी, झाडलोट अशा पाळ्या लागत. ‘स्वावलंबी शिक्षण’ हे संस्थेचं ब्रीद आणि ‘कमवा आणि शिका’ ही तिची रीत. त्यामुळे भाकरी कुठून येते हे त्या मुलांना कुणी फळ्यावर लिहून सांगावं लागलं नाही. जातं ओढून ज्याच्या हाताला फोड आले, तो पानात भाकरीचा तुकडा टाकून उठेल का? जो स्वतः डाळ निवडतो, त्याला डाळ म्हणजे काय हे कळतं. मला वाटतं, आहारशिक्षणाचा पहिला धडा हाच आहे.

या सगळ्यामागे लक्ष्मीबाई होत्या. माहेर कुंभोजचं, वाढल्या कर्मठ जैन घरात, सोवळंओवळं अंगात मुरलेलं. अशा बाईने सगळ्या जातींची मुलं स्वतःच्या घरात घेतली, त्यांना रांधून वाढलं, त्यांची आजारपणं काढली. वसतिगृहाच्या खर्चासाठी अंगावरचे दागिने एकेक करून गेले. शेवटी मुलांच्या पोटासाठी त्यांनी मंगळसूत्रही दिलं. १९३० मध्ये त्या वारल्या, तेव्हा त्यांचं वय काही जाण्याचं नव्हतं. लोक त्यांना ‘रयतमाउली’ म्हणतात. पण सोवळ्याचा उंबरा ओलांडून त्या मुलांना वाढताना त्यांच्या मनात काय चाललं असेल, याचा विचार आपण बायकांनी केला पाहिजे. पुतळ्यासमोर हार घालून तो विचार होत नाही.

त्या काळाचं उगाच कौतुकही करू नये. बोर्डिंगचं जेवण कुणी कॅलरी मोजून ठरवलेलं नव्हतं. जे मिळेल ते शिजत होतं आणि कधी कधी मिळतही नव्हतं. पण आपल्या भागाचं साधं जेवण शास्त्राला धरून होतं, हे आज समजतं. ज्वारीत लायसिन नावाचा प्रथिनाचा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत मेथिओनिन कमी असतं, ते धान्यात असतं. म्हणून भाकरी आणि आमटी एकत्र खाल्ली की प्रथिनांची उणीव भरून निघते. वर शेंगदाण्याची चटणी आली की चांगला स्निग्धांश मिळतो, आणि लिंबू पिळलं की पालेभाजीतलं लोह अंगी लागतं. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तर पांढऱ्या तांदळात जेमतेम १० मिलिग्रॅमच्या आसपास. वाढत्या हाडांना काय द्यायचं, हे यावरून चौथीतल्या मुलालाही कळेल.

पुढे १९३५ मध्ये संस्थेने प्राथमिक शिक्षक घडवण्यासाठी सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढलं, खेडोपाडी शाळा उघडल्या. पण शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पानात अन्न घालणं एका संस्थेला झेपणारं नव्हतं, ते सरकारचंच काम होतं. मद्रास महापालिकेने १९२५ मध्ये शाळेत जेवण सुरू केलं होतं, आणि कामराज मुख्यमंत्री असताना १९५६ मध्ये ते मद्रास राज्यात पसरलं. आपल्याकडे माझ्या वयाच्या बायकांना १९७२ चा दुष्काळ आठवत असेल. माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत लोक खडी फोडत होते, रेशनवर लाल मिलो मिळत होता, मुलांना सुकडी वाटली जायची. त्या वेळी पोषण म्हणजे पोट भरणं, एवढाच अर्थ होता.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची शालेय पोषण योजना सुरू झाली. सुरुवातीला आपल्याकडे हजेरीप्रमाणे महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळत. तो तांदूळ सगळ्या घरात वाटला जायचा, मुलाच्या वाट्याला किती येणार? २८ नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शाळेतच शिजवलेलं अन्न देणं बंधनकारक झालं आणि आपल्या शाळांत खिचडी शिजू लागली. पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असं पुढे ठरलं. त्यासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. म्हणजे तीस मुलांच्या वर्गाला तीन किलो तांदूळ, सहाशे ग्रॅम डाळ, दीड किलो भाजी आणि दीडशे ग्रॅम तेल. हाच हिशेब मुलांकडून करून घेतला तर गणिताचा आणि आहाराचा तास एकत्र होईल. ही खिचडी शिजवणाऱ्या बायका अगदी थोड्या मानधनावर राबतात. लक्ष्मीबाईंच्या कामाचा वारसा खरं म्हणजे त्यांच्याकडे आहे.

आता थोडा नाजूक विषय. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शाळेत आठवड्यातून एकदा अंडं आणि न खाणाऱ्यांना केळं द्यायचं ठरवलं. आपल्या समाजात त्यावर बरीच चर्चा झाली. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांसाठीचा सरकारी निधी थांबला आणि शाळांना लोकसहभागातून सोय करायला सांगितलं गेलं. आपली मुलं अंडं खाणार नाहीत, हे आपलं व्रत आहे आणि ते पाळण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. पण एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं असतात आणि केळ्यात जेमतेम १ ग्रॅम, हेही खरं आहे. ज्या मजुराच्या घरी अंडं चालतं, त्याच्या मुलाच्या पानातून ते गेलं तर त्याच्या जागी तेवढंच पौष्टिक काय आलं, हे आपण विचारलं पाहिजे. आपली अहिंसा दुसऱ्याच्या मुलाला उपाशी ठेवून पाळली जात नाही. मूठभर भाजलेले शेंगदाणे, गूळ आणि पेलाभर दूध हे उत्तर आपल्याकडे आहे. मग आपल्या मंडळांनी जवळच्या जिल्हा परिषद शाळेसाठी पुन्हा मुष्टिफंड सुरू करायला काय हरकत आहे?

आपल्या घरातल्या मुलांची अडचण वेगळीच आहे. पाकिटावर हिरवा ठिपका दिसला की आपण निश्चिंत होतो. हिरवा ठिपका म्हणजे त्यात मांसाहारी काही नाही, एवढंच. मीठ, साखर, तेल किती हे तो सांगत नाही. ते मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असतं. मुलांना ते वाचायला शिकवा. सोडियमचा आकडा अडीचने गुणला की मीठ कळतं. १०० ग्रॅममध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसालासुद्धा दिवसाला ५ ग्रॅमच्या आतच मीठ सांगते. साधारण ४ ग्रॅम साखर म्हणजे एक चमचा. शीतपेयात १०० मिलिलिटरला १० ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत सहा चमचे. मुलाला ते सहा चमचे वाटीत मोजून काढायला लावा, मग उपदेश करावा लागत नाही. २०२० च्या केंद्रीय नियमांप्रमाणे जास्त मीठ, साखर, तेलाचे पदार्थ शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायला मनाई आहे. पण घरून डब्यात येतं त्याला कुठला नियम अडवणार? तिथे आपणच.

आपल्या धर्मात यासाठी सुंदर शब्द आहेत. बाह्य तपांमध्ये ‘अवमौदर्य’ येतं, म्हणजे भुकेपेक्षा दोन घास कमी खाणं. ‘रसपरित्याग’ येतो, म्हणजे आवडती चव सोडणं. वाढत्या मुलांना उपवासाच्या चढाओढीत ढकलू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. पण पोट भरलं की थांबणं आणि आठवड्यात एक दिवस पाकिटाची चव सोडणं, हे सात वर्षांच्या मुलालाही जमतं. सूर्यास्तापूर्वी जेवण्याची आपली सवयही त्यांना धाक म्हणून सांगू नका. लवकर जेवलं की झोप चांगली लागते आणि सकाळी खरी भूक लागते, हे त्यांना अनुभवू द्या.

रविवारच्या पाठशाळेत या महिन्यात एवढं तरी करता येईल. एका रविवारी मुलांकडून ज्वारी, नाचणी, मूग, हुलगे ओळखून घ्यावेत आणि निवडून घ्यावेत. दुसऱ्या रविवारी पाकिटांवरचे आकडे वाचावेत. तिसऱ्या रविवारी प्रत्येकाने घरून एक मूठ धान्य आणावं, सगळ्यांचं मिळून शिजवावं आणि आजूबाजूच्या सगळ्या मुलांना बोलावून एका पंगतीत वाढावं. वाढणारी मुलंच असावीत, आणि भांडीही त्यांनीच घासावीत.

जय जिनेंद्र.