बिळातला शेजारी

कोळी म्हटले की आम्हा मीरा-भाईंदरकरांना आधी उत्तनच्या होड्या आठवतात. आज मात्र आठ पायांच्या कोळ्याबद्दल लिहितो आहे, तोही जाळे न पसरता जमिनीत बीळ करून राहणारा. इंग्रजीत याला टॅरँट्युला म्हणतात. हे नाव इटलीतल्या तारांतो गावावरून आले, आणि तेही मुळात दुसऱ्याच कोळ्याचे!

आपल्याकडच्या या कोळ्यांची पद्धतशीर नोंद केली रेजिनाल्ड पोकॉक या इंग्रज शास्त्रज्ञाने. तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बसे आणि नमुने इकडून बाटल्यांत भरून जात. १८९९ साली त्याने उरणच्या एका कोळ्याला 'मिलार्डी' नाव दिले. हे मिलार्ड म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव. चिमणी घेऊन आलेल्या लहानग्या सलीम अलींना पक्ष्यांचे दालन दाखवणारे तेच. १९०० साली पोकॉकने 'हेटेरोफ्रिक्टस' ही नवी प्रजाती मांडली. तिच्यातल्या कोळ्यालाही साहेबाचेच नाव मिळाले, 'मिलेटी'.

त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे गेली. २०१४ साली झीशान मिर्झा आणि राजेश सानप या दोघा अभ्यासकांनी याच प्रजातीतली एक नवी जात जगापुढे आणली. ती सापडली कुठे? कुठल्या दुर्गम घाटात नव्हे, तर गोरेगावच्या आरे दूध वसाहतीत! नाव ठेवले 'आरेएन्सिस', म्हणजे आरेचा. इथे साहेबाऐवजी जागेचा मान राखला गेला, याचे मला फार अप्रूप वाटते.

पण जागेचे नाव घेणाऱ्याचे नशीबही जागेशीच बांधलेले. हे कोळी दूरवर जात नाहीत. मादी वर्षानुवर्षे एकाच बिळात काढते. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेत रातोरात झाडे तोडली गेली तेव्हा पक्षी निदान उडाले तरी असतील. बिळातल्याने कुठे जायचे?

मेट्रो नको असे मी म्हणणार नाही. भाईंदरहून चर्चगेटपर्यंत लोंबकळत जाणाऱ्यांचे हाल आपण सर्वांनी पाहिले आहेत. पण आरेला लागून असलेले राष्ट्रीय उद्यान थेट आपल्या काशीमिऱ्यापर्यंत येते. तिथल्या दगडांखाली अजून किती बिनानावाचे शेजारी असतील, कोण जाणे! नाव मिळण्याआधीच कोणी नाहीसा झाला, तर त्याची नोंद कुठल्या हजेरीपटात सापडायची?

असो. पावसाळ्यात असा केसाळ पाहुणा दिसला तर चप्पल उचलू नका. आपल्याकडच्या या कोळ्यांच्या चाव्याने माणूस दगावत नाही. आणि या भागात तो आपल्या कितीतरी आधीपासून राहतो आहे.