धोबीतलावची लॉर्ना

आपल्या गिरगावच्या इतिहासात टिळक येतात, चाळी येतात, नाटक मंडळ्या येतात. शाळेपासून दहा मिनिटांवरच्या धोबीतलावचा जॅझ मात्र येत नाही. मेट्रो सिनेमासमोरून आपण शेकडो वेळा गेलो असू. तिथल्या जेर महालात गोव्याच्या वेगवेगळ्या गावांचे ‘कूड’ होते, म्हणजे मुंबईत येणाऱ्या गावकऱ्यांची उतरण्याची जागा. खलाशी तिथे राहत, वादकही राहत.

पोर्तुगीज गोव्यात चर्चच्या शाळांमध्ये मुलांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवलं जाई. ही मुलं मुंबईत आली आणि दोन ठिकाणी लागली: हॉटेलांतले बँड आणि हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट हे त्यांतले मोठे. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत मोठं नाव संगीतकाराचं. वाद्यमेळ बांधणारा बहुधा निनावीच. (आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही फार वेगळं नाही.)

याच धोबीतलाव भागात लॉर्ना कॉर्देरो वाढल्या. त्या किशोरवयातच बँडबरोबर इंग्रजी गाणी म्हणू लागल्या. मडगावचे ट्रम्पेटवादक क्रिस पेरी यांनी त्यांना आपल्या बँडमध्ये घेतलं. आजच्या वीर नरिमन रोडवर तेव्हा ओळीने क्लब होते. अॅस्टोरिया हॉटेलातल्या ‘व्हेनिस’मध्ये ही जोडी रंगे. पेरींनी जॅझचा ठेका कोकणीत आणला आणि लॉर्नांच्या भरड, बिनधास्त आवाजाने तो घरोघर नेला. ‘पिसो’, ‘बेबदो’ ही गाणी गोव्यातल्या लग्नांत आजही वाजतात. बेबदो म्हणजे आपला बेवडाच, अर्थ सांगायला नको.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दोघांची फारकत झाली आणि लॉर्नांचं गाणं थांबलं. लोक ही हकिकत प्रेमकथा म्हणून सांगतात. मी वर्षं मोजते. पेरी काम करत राहिले; १९७७ च्या ‘भुंयारांतलो मनीस’ या कोकणी चित्रपटाला त्यांचं संगीत आहे. लॉर्ना पंचविशीच्या आसपास गप्प झाल्या, त्या दोन दशकांहून अधिक काळ. आपण दहावीनंतर जे जे केलं, शिक्षण, नोकऱ्या, बढत्या, त्यातलं बरंचसं मावेल एवढा काळ आहे हा. आवाज शाबूत होता, रेकॉर्ड विकल्या जात होत्या, गाणारी घरी होती.

१९९५ साली, म्हणजे आपल्या दहावीच्याच वर्षी, कीबोर्डवादक रॉनी मोन्सेराट यांनी ‘हॅलो लॉर्ना’ या अल्बमसाठी त्यांना पुन्हा माइकपुढे आणलं. त्या वर्षी गोव्यात त्या जाहीर कार्यक्रमातही गायल्या, वयाच्या पन्नाशीला टेकताना. आज आपण साधारण तेवढ्याच वयात आहोत.

पेरी २००२ साली वारले. पुढे बार्ड्रॉय बार्रेटो यांनी या दोघांच्या आयुष्यावर बेतलेला कोकणी चित्रपट केला. त्याला ६२ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट कोकणी चित्रपटाचा मान मिळाला. त्यातली गायिका साकारणाऱ्या पालोमी घोष बंगाली. भूमिकेसाठी त्या कोकणी शिकल्या.