गाडी लॉक आहे

रविवारी सकाळी साडेसातला फोन वाजला की तो ताईचा असतो, आणि ताईचा फोन साडेसातला आला की तो सोन्याविषयी असतो. त्या दिवशी मी फोन उचलला आणि ताई एकदम म्हणाली,

"अरे, सोन्या गाडीचं लॉक काढतोय!"

"काढू दे की. किल्ली हरवली असेल."

"किल्लीचं नाही रे! वेगाचं! दोनशे पन्नासचं!"

सोन्या म्हणजे आमचा भाचा. वय वर्षं २७. पण घरी ठेवलेलं नाव माणूस जर्मनीत गेला म्हणून सुटत नाही. तिथे त्यानं फोल्क्सवागनची गोल्फ आर नावाची जुनी गाडी घेतली आहे. दिसायला आपल्या बाजारात भाजी आणायला न्यावी एवढीच, मागचं दार वर उघडणारी. पण पोटात ३०० घोडे. ही गाडी ताशी २५० किलोमीटरला पोचली की कारखान्यानं इंजिनाच्या संगणकात घालून ठेवलेला एक आकडा आडवा येतो आणि गाडी पुढे जायला नकार देते. मामाच्या भाच्याला हा नकार सहन होईना.

लॉक म्हणजे काय, हे भाड्याच्या गाडीतून ज्यांनी प्रवास केलाय त्यांना सांगायला नको. २०१५ सालापासून आपल्याकडे नव्या व्यापारी वाहनांना ८० चा स्पीड गव्हर्नर लावायचा कायदा आहे. आपण घाई केली की ड्रायव्हर खिन्नपणे सांगतो, "काय करणार साहेब, गाडी ऐंशीला लॉक आहे." आणि हे सांगून झालं की घाटात वळणावर ओव्हरटेक करून राहिलेला वेग वसूल करतो.

"तू त्याला समजाव," ताई म्हणाली. "तू बँकेत आहेस."

बँकेत असण्याचा आणि या प्रकरणाचा संबंध काय, असं मी विचारलं नाही. कारण विचार केला तर संबंध होता. लिमिट हा माझ्या पोटापाण्याचाच विषय आहे. मला पासिंग पॉवरचं लिमिट, गिऱ्हाइकाला कॅश क्रेडिटचं लिमिट, एटीएमला दिवसाचं लिमिट. 'एवढं लिमिट वाढवून द्या हो' हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलंय तितक्या वेळा माझं नावसुद्धा ऐकलेलं नाही. मात्र वाहनाच्या बाबतीत माझा अनुभव एका स्कूटरपुरता. तिला लॉक लावावं लागत नाही, ती जन्मजातच लॉक आहे. तेव्हा भाच्याशी बोलायच्या आधी जरा इतिहास काढावा, असं ठरवलं. कर्ज मागायला आलेल्या माणसाचाही आम्ही आधी इतिहासच काढतो.

या खात्याचं पहिलं पान जेम्स वॅटच्या नावावर आहे. १७८८ साली त्यानं वाफेच्या इंजिनाला गव्हर्नर बसवला. एका उभ्या दांड्याला दोन लोंबते गोळे. इंजिन जोरात फिरलं की जत्रेतल्या पाळण्यासारखे गोळे बाहेर फेकले जायचे, त्यांच्या ओढीनं वाफेची झडप मिटायची आणि इंजिन आपोआप शांत व्हायचं. कल्पनाही मुळात त्याची नव्हे. पवनचक्क्यांमध्ये जात्याची पाळी सांभाळायला असले गोळे आधीपासून होते. पण एक गोष्ट मी वहीत टिपून ठेवली. या पहिल्या गव्हर्नराला माणसाच्या जिवाची काहीच काळजी नव्हती. गिरणीतलं काम एकसारखं व्हावं, एवढीच त्याची नोकरी.

माणसाच्या जिवाची काळजी सुरू झाली ती यंत्र रस्त्यावर आल्यावर. इंग्लंडात १८६५ च्या कायद्यानं असल्या वाहनांना गावाबाहेर ताशी ४ मैल आणि गावात २ मैल एवढी मर्यादा घातली, वर ६० यार्ड पुढे लाल निशाण घेऊन एक माणूस चालत ठेवला. म्हणजे हे जगातलं पहिलं स्पीड लॉक हाडामांसाचं होतं, त्याला पगार होता आणि बहुधा रजाही असावी. पुढे निशाण गेलं, पण आकडे राहिले. जानेवारी १८९६ मध्ये वॉल्टर अर्नोल्ड नावाच्या मोटारवाल्यानं केंट परगण्यात २ मैलांच्या हद्दीत ताशी ८ मैलांचा बेफाम वेग गाठला. पोलिसानं सायकलवरून पाच मैल पाठलाग करून त्याला धरला. दंड १ शिलिंग. त्याच वर्षी नोव्हेंबरात नवा कायदा आला आणि मर्यादा १४ मैलांवर गेली. लिमिट वाढवून घेण्याचा पहिला अर्ज मंजूर झाला तो असा.

पण मला खरं गुंतवून ठेवलं ते अमेरिकेतल्या सिनसिनाटी गावानं. १९२३ साल. मोटारी स्वस्त झालेल्या, रस्ते मात्र अजून सगळ्यांचे होते. त्यात पोरं खेळायची, बायका गप्पा मारायच्या, म्हातारे मधूनच चालायचे. अपघातांत माणसं मरू लागली, त्यांत मुलं पुष्कळ. तेव्हा तिथल्या लोकांनी एक अर्ज केला, आणि त्यावर ४२,००० हून अधिक सह्या जमवल्या. मागणी अशी, की शहरातल्या प्रत्येक मोटारीला एक यंत्र लावा. गाडी ताशी २५ मैलांवर गेली की इंजिनच बंद पडलं पाहिजे.

४२,००० सह्या म्हणजे काय, हे मी सांगू शकतो. आमच्या शाखेत जॉइंट खात्यावर नवराबायकोच्या दोन सह्या एका दिवशी मिळवताना घाम फुटतो. त्या सह्या करणाऱ्यांत कितीतरी जण असे असणार, ज्यांच्या घरातलं कुणीतरी दुपारी खेळायला म्हणून बाहेर गेलं आणि आलं नाही. आमची ताई त्या गावात असती तर तिनं स्वतःची सही केलीच असती, वर चाळीतल्या सगळ्यांच्या आणल्या असत्या.

प्रश्न मतदानाला गेला. मोटारी विकणाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. वेग हाच ज्या मालाचा गुण, त्या मालाला वेग नाही म्हटल्यावर उरतं काय? डबा आणि चार चाकं. त्यांनी जोरात प्रचार केला आणि नोव्हेंबरात हा ठराव सपशेल आपटला. नंतर मोटारवाल्यांनी ठिकठिकाणी एकजूट केली आणि दोष देण्याची दिशाच बदलली. रस्ता कसाही ओलांडणाऱ्या पादचाऱ्यासाठी इंग्रजीत 'जेवॉकर' असा एक कुचका शब्द होता, तो त्यांनी घरोघर पोचवला. अर्थ साधारण 'गावंढळ चालणारा'. म्हणजे रस्त्यात मेला तो मेला, वर अडाणीही ठरला.

इथे मी वाचन थांबवून चहा केला. कारण मला दाजी आठवले. सोन्याचे वडील. २००९ साली खंबाटकीच्या अलीकडे एस.टी.ची वाट बघत रस्त्याच्या कडेला उभे होते. एक वडाप जीप आली आणि वळणावर कडेलाच आली. दाजींच्या मांडीत आजही सळई आहे आणि थंडीत ते काठी घेऊन चालतात. पंचनाम्यात जीपचा वेग ताशी ४० लिहिलेला होता. सोन्या तेव्हा अकरा वर्षांचा होता.

असो. तर जर्मनी.

जर्मनीत मोटारीच्या मोठ्या रस्त्याला, म्हणजे ऑटोबानला, सरसकट वेगमर्यादा नाही. १९७३ च्या तेलटंचाईत काही महिने १०० ची घातली होती, ती लोकांनी उपासासारखी कशीबशी पाळली आणि सोडली. १९७८ पासून १३० हा वेग 'बरा' असा सरकारी सल्ला आहे. ऐकायचा तर ऐका. पण ऐंशीच्या दशकात वारं फिरलं. धुरानं जंगलं मरताहेत म्हणून गावोगाव ओरड झाली, १९८३ मध्ये ग्रीन पक्षवाले संसदेत जाऊन बसले. आता कायदा येतो की काय, अशी कंपन्यांना धास्ती पडली. तेव्हा मोठ्या कंपन्यांनी काय केलं? सरकारनं कान धरण्यापूर्वी आपणच आपला धरला. आम्ही २५० च्या वर गाड्या पळवणार नाही, असा आपापसात शब्द दिला. १९८७ साली बीएमडब्ल्यूची बारा सिलिंडरची ७५० आली ती २५० चं लॉक घेऊनच. पोर्शवाले या पंगतीत बसले नाहीत.

हे वाचून मी खुर्चीत ताठ बसलो. कायद्यात कुठे नाही, तरी तीस-चाळीस वर्षं हा आकडा चालतोय, नुसता शब्दावर! आम्ही सख्ख्या भावाला शब्दावर चेकबुक देत नाही.

जपान्यांनी तर याच्याही वर कडी केली. त्यांच्याकडे १८० चा शब्द होता आणि छोट्या ६६० सीसीच्या गाड्यांना १४० चा. शिवाय १९८६ पर्यंत गाडीत घंटा सक्तीची होती. मोठी गाडी १०० च्या वर आणि छोटी ८० च्या वर गेली की 'किन्-कोन, किन्-कोन' अशी वाजत राहायची. (आपल्याकडे जुलै २०१९ पासून नव्या गाड्या ८० ला असंच बोंबलतात. आमचे मॅनेजरसाहेब त्यावर उपाय म्हणून रेडिओ मोठा करतात.) २००७ साली निसाननं जीटी-आर नावाची गाडी काढली. ती जपानी रस्त्यावर १८० ला हात जोडून उभी राहते, पण उपग्रहानं सांगितलं की आपण मान्यताप्राप्त शर्यतीच्या मैदानात आहोत, तर तिचं लॉक उघडता येतं. म्हणजे कार्यालयात सोवळं आणि सहलीला मोकळं.

आता जिथे लॉक आहे तिथे ते काढणारा असतोच. जपानात त्यासाठी एक छोटी डबी मिळू लागली. चाकाकडून वेगाचा जो निरोप इंजिनाच्या संगणकाकडे जातो, त्या तारेत ही डबी मध्येच बसवायची. गाडी २०० वर असली तरी डबी आत सांगते, 'साहेब, अजून १८० व्हायचेत.' हेड ऑफिसला पाठवायच्या तक्त्यात असले आकडे भरणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांची पुढे चौकशी लागते. नव्या गाड्यांत डबीही लागत नाही. स्टिअरिंगखालच्या जोडणीतून संगणक लावायचा, २५० खोडून मोठा आकडा लिहायचा, अर्ध्या तासाचं काम. सोन्या हेच करणार होता.

पुढच्या रविवारी मी त्याला फोन लावला. ताई शेजारी, दाजी आरामखुर्चीत, फोन स्पीकरवर.

"मामा," तो म्हणाला, "तू मला सांग, कंपनी स्वतःच पैसे घेऊन लॉक काढून देते. नव्या गोल्फ आरला पॅकेज घेतलं की २५० चे २७० होतात. ऑडीची आरएस-३ बघ, २५० ची २८०, नाही तर थेट २९०. मग शब्द कुठे राहिला? तो तर त्यांनीच विकायला काढला."

मुद्दा बिनतोड होता. पण मी तक्ता वाचून बसलो होतो. "अरे, त्या २७० बरोबर कंपनी मागचा पंखही मोठा देते. २९० हवे तर सिरॅमिकचे ब्रेक घ्यावेच लागतात. ती लिमिट वाढवते, पण आधी तारण वाढवते. तू तारण तेवढंच ठेवून लिमिट वाढवतोयस. आणि तुझ्या गाडीच्या नोंदणीच्या कागदावर 'टी'च्या रकान्यात कमाल वेग लिहिलेला आहे ना? तो तपासणी करून बदलून घेतला नाहीस, तर गाडीचा परवानाच जातो म्हणतात."

"ते करून घेईन."

"बरं, मिळवणार काय? १०० किलोमीटर जायला २५० नं २४ मिनिटं लागतात. २७० नं सव्वाबावीस. पावणेदोन मिनिटं वाचली. वेग वाढला आठ टक्के, पण तो थांबवायचा म्हटलं तर ब्रेकला सतरा टक्के जास्त शक्ती मारावी लागते. याला आम्ही चक्रवाढ म्हणतो."

"मामा, प्रश्न मिनिटांचा नाही. समोर रस्ता मोकळा असतो, गाडीत दम असतो, आणि कुणीतरी आतून लगाम खेचतं. ते सहन होत नाही."

यावर मला काही सुचेना. खरं सांगायचं तर पासिंग पॉवरच्या वरचा चेक साहेबांच्या टेबलावर नेताना मलाही रोज तेच वाटतं.

तेवढ्यात दाजी बोलले. ते फोनवर सहसा बोलत नाहीत. "सोन्या, २५० ला एका सेकंदात गाडी किती जाते?"

"सत्तर मीटर, बाबा."

"आणि चाळीसला?"

तिकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मी मनात हिशेब केला, अकरा मीटर. सोन्यालाही तो येत होताच.

"बघतो," तो म्हणाला आणि विषय बदलून हवा कशी आहे ते सांगू लागला.

तीन आठवड्यांनी त्यानं ताईला गाडीच्या आतला एक फोटो पाठवला. वेगाच्या काट्याशेजारी एक गोल चिठ्ठी डकवलेली, तिच्यावर २१० हा आकडा. झालं होतं असं, की ऑक्टोबर लागला, त्यानं थंडीचे टायर चढवले. स्वस्तात मिळाले म्हणून 'एच' अक्षराचे घेतले. टायरवरच्या या अक्षरांतही वेगाची मर्यादा असते. 'एच' म्हणजे २१०. (हे अक्षर क्रमात 'यू' आणि 'व्ही'च्या मध्ये बसवलंय. फायलिंग कुणी केलं, देव जाणे.) आणि गाडीच्या वेगापेक्षा कमी वेगाचे थंडीचे टायर असतील तर ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर तशी चिठ्ठी लावलीच पाहिजे, असा तिथला नियम आहे.

"म्हणजे २५० चं २१० झालं?" ताईनं मला विचारलं.

"झालं. पण टायर आहेत तोवरच."

"कधीपर्यंत असतात?"

"तिकडे ऑक्टोबर ते ईस्टर म्हणतात."

ताई उठली, भिंतीवरचं कालनिर्णय काढलं, त्यात पुढच्या वर्षाचं पान नाही म्हणून चिडली, आणि मला ईस्टर कधी येतो ते बँकेत विचारून यायला सांगितलं.