परदेशातून परतलेला नागरिक, अधिवास आणि शिक्षणशुल्क : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना : विद्यार्थी कोठला, या प्रश्नाच्या उत्तरावर त्याचे शुल्क ठरावे की नाही, हा वाद भारतीय प्रजासत्ताकाइतकाच जुना आहे. यवतमाळ जिल्ह्याला तर 'आपला' आणि 'परका' यांतील घोळ त्याही आधीपासून परिचित आहे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. १९०२ मध्ये निजामाने वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात ते कायमच्या पट्ट्याने दिले, तथापि त्याचे सार्वभौमत्व कागदोपत्री शिल्लकच राहिले. परिणामी येथील रहिवासी कारभाराने इंग्रजी अमलात, परंतु कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेर होता. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाने आणि १९८३ पासून अमरावती विद्यापीठाने या जिल्ह्याच्या उच्च शिक्षणाची व्यवस्था पाहिली.

शुल्क आणि निवास यांच्या संबंधाचा पायाभूत खटला शेजारच्या मध्य भारत राज्यातील आहे. इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात राज्यातील 'खऱ्या रहिवाशां'ना कॅपिटेशन शुल्क माफ होते. बाहेरच्यांना मात्र दरवर्षी १५०० रुपये, आणि नामनिर्देशित विद्यार्थ्यांना १३०० रुपये, भरावे लागत. दिल्लीच्या रहिवासी विद्यार्थ्याने दोन वर्षांचे ३००० रुपये परत मागितले. डी. पी. जोशी विरुद्ध मध्य भारत राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९५५ रोजी बहुमताने नियम वैध ठरविला. संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये 'जन्मस्थान' हा शब्द आहे, 'निवास' नाही, हा त्यातील कळीचा युक्तिवाद होता. अभ्यासकांचे लक्ष सहसा या युक्तिवादापाशीच थांबते. वास्तविक 'खरा रहिवासी' या शब्दाची त्या नियमातील व्याख्या अधिक बोलकी आहे. मूळ अधिवास राज्यात असलेला. बाहेरून येऊन अधिवास संपादन करून किमान पाच वर्षे राहिलेला. आणि पाकिस्तानातून विशिष्ट तारखेपूर्वी येऊन तेथेच स्थायिक होऊ इच्छिणारा, असे सर्व तीत येत होते. फाळणीनंतरच्या त्या राज्याला परतणाऱ्याचे दुःख समजले होते. पुढील काळातील नियमांत हा समजूतदारपणा क्वचितच आढळतो.

डॉ. प्रदीप जैन खटल्यात (१९८४) सर्वोच्च न्यायालयाने भारतात अधिवास एकच, तो भारताचा, असे स्पष्ट केले. पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशापुरते २९ जानेवारी २०२५ च्या तन्वी बहल निकालाने त्याचीच पुनरुक्ती केली. पदवीच्या पातळीवर मात्र राज्यांची अट टिकून राहिली. महाराष्ट्रात सामान्यतः १५ वर्षांच्या वास्तव्यावर मिळणारे अधिवास प्रमाणपत्र आणि शालान्त परीक्षा राज्यातून उत्तीर्ण होण्याची अट, अशी ही दुहेरी चाळणी आहे. यवतमाळ येथे १९८९ पासून श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील अल्प शुल्काची राज्य कोट्यातील जागा दारव्ह्यातील कुटुंबाच्या, पण दहावी दुबईत केलेल्या मुलीला मिळण्यात पहिला अडथळा गुणांचा नसून शाळेच्या पत्त्याचा असतो.

येथे १९८९ चा मीनाक्षी मलिक विरुद्ध दिल्ली विद्यापीठ हा निकाल महत्त्वाचा ठरतो. केंद्र सरकारने वडिलांना नायजेरियात पाठविल्यामुळे अकरावी-बारावी तेथे करावी लागलेल्या विद्यार्थिनीला, दिल्लीतील शाळेत शेवटची दोन वर्षे शिकण्याची अट लावून वगळणे न्यायालयास अन्यायकारक वाटले, आणि तिला प्रवेशाचा मार्ग मोकळा झाला. सरकारी हुकमाने जाणे भाग पडले, हा त्या न्यायाचा आधार होता. पोटासाठी स्वतःहून आखातात गेलेला गवंडी, विद्युततंत्री किंवा परिचारिका त्यात बसत नाही. शासनाने पाठविलेला आणि दारिद्र्याने पाठविलेला, यांत कायद्याने केलेला हा भेद विचार करण्याजोगा आहे.

दुसरी वाट अनिवासी भारतीयांच्या कोट्याची. पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२००५) या निकालाने हा कोटा १५ टक्क्यांपर्यंत मर्यादित केला, जागा खऱ्या अनिवासी भारतीयांनाच द्याव्यात असे बजावले आणि त्यातून आलेली रक्कम आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांच्या हिताकडे वळविण्यास सांगितले. हेतू स्तुत्य होता. पण परतलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबाला ही वाट परवडत नाही. शिवाय ते कुटुंब परतल्यावर अनिवासी उरतेच कसे, हा पेच वेगळाच.

४ मार्च २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेने विदेशी भारतीय नागरिक (ओसीआय) कार्डधारकांना प्रवेशासाठी अनिवासी वर्गापुरते सीमित केले. ३ फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निर्बंध त्या तारखेनंतर कार्ड घेतलेल्यांनाच लागू होईल असे ठरविले. त्यामुळे एकाच घरात यवतमाळला जन्मलेला थोरला नागरिक म्हणून, तर अमेरिकेत जन्मलेला धाकटा कार्डाच्या तारखेनुसार वेगळ्या रांगेत उभा राहू शकतो.

शुल्कसवलतींचे सूत्रही हेच आहे. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती योजनेत, तसेच २०२४-२५ पासून मुलींना दिलेल्या पूर्ण शुल्कमाफीत, उत्पन्नाबरोबर राज्याचा अधिवास पाहिला जातो. परदेशी मंडळाच्या गुणपत्रिकेला समकक्षता प्रमाणपत्र लागते ते निराळेच.

अर्थात परदेशी जाणे ही या प्रश्नाची एकच कड आहे. पैनगंगेच्या काठावरील उमरखेडच्या विद्यार्थ्याने नदी ओलांडून नांदेडला बारावी केली, तरी वैद्यकीय प्रवेशाच्या ७०:३० या प्रादेशिक सूत्रात तो मराठवाड्याचा गणला जाई. ते सूत्र शासनाने २०२० मध्ये रद्द केले.