तळघरातली पाचशे मुले

माणूस गुन्हेगार का होतो, यावर कपाटे भरतील एवढे लिहून झाले आहे. तो थांबतो कसा, हे मात्र फार थोड्यांनी विचारले. वास्तविक बहुतेक जण थांबतातच. केतले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने १८३१ मध्येच फ्रेंच न्यायालयांचे आकडे मांडून दाखवले, की गुन्ह्याकडचा कल पंचविशीच्या आसपास शिगेला पोचतो आणि मग उतरू लागतो. तो का उतरतो, हे आकड्यांना सांगता येईना.

ते सांगणारे कागद बॉस्टनच्या मुलांविषयीचे होते. हार्वर्डच्या शेल्डन आणि एलिनॉर ग्लूक या दांपत्याने १९४० च्या सुमारास सुधारगृहांतली ५०० मुले निवडली, तुलनेसाठी तशाच वस्त्यांतली ५०० सरळमार्गी मुले घेतली आणि बत्तिशीपर्यंत त्यांचा माग ठेवला. पुढे ही खोकी विधी-ग्रंथालयाच्या तळघरात पडून राहिली. १९८० च्या दशकात ती जॉन लाउब यांच्या हाती लागली. रॉबर्ट सॅम्पसन यांच्यासोबत त्यांनी ती उलगडली आणि सत्तरीला टेकलेल्या ५२ जणांना गाठून बोलतेही केले.

औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरवर बेतलेला ‘दो आँखें बारह हाथ’ पाहिलेल्या आपल्याला हृदयपालटाची अपेक्षा असते. इथे तो क्वचितच दिसतो. लग्न झाले, संध्याकाळी घरी विचारणारे कुणी आले, जुन्या मित्रांचा अड्डा आपोआप सुटला. कायमची नोकरी लागली, पहाटे उठणे आले. चोरी सोडायची असा निश्चय अनेकांनी कधी केलाच नव्हता. सोडून बरीच वर्षे झाल्यावर ते त्यांच्या ध्यानात आले. (पत्नीने नवऱ्याला सुधारावे, हे ओझे कुणावर पडले, याचा हिशेब मात्र वेगळा मांडायला हवा.)

ही सगळी मुले गोरी होती आणि त्यांची उमेदीची वर्षे महायुद्धानंतरच्या भरभराटीत गेली, हे विसरून चालणार नाही. कारखान्यांत काम होते. सैन्यातून परतलेल्यांना सरकार शिक्षणाला आणि घराला मदत करत होते. त्या मदतीने कित्येकांचे पाय स्थिरावले. पण ज्यांना बेशिस्तीपायी सैन्यातून अपमानास्पद रीतीने काढले गेले, त्यांना ती मिळत नव्हती. आणि अशांत सुधारगृहातून आलेल्यांचेच प्रमाण जास्त होते.