भावनिक बुद्धिमत्ता : कामाच्या ठिकाणी ती का लागते, कशी वाढवावी?

स्वतःच्या आणि समोरच्याच्या भावना ओळखणे, त्यामागचे कारण समजून घेणे आणि त्यानुसार वागणे म्हणजे भावनिक बुद्धिमत्ता. पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये या संकल्पनेची मांडणी केली. डॅनियल गोलमन यांच्या १९९५ च्या पुस्तकामुळे ती जगभर पोहोचली.

राग गिळणे किंवा सतत गोड बोलणे म्हणजे भावनिक बुद्धिमत्ता नव्हे. आपल्यापुढे लोक खरे बोलू शकतात का, ही तिची खरी कसोटी.

खाणीतले उदाहरण

नागपूर जिल्ह्यातील कन्हान परिसरात वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कोळशाच्या खुल्या खाणी आहेत. अशा खाणीत काम पाळ्यांमध्ये चालते. समजा, रात्रपाळीत डंपरचालकाने ब्रेक नीट लागत नसल्याचे सांगितले आणि सुपरवायझर खेकसला, "तुझी रोजचीच कटकट!" पुढच्या वेळी चालक गप्प बसेल. ब्रेक मात्र तसाच राहील. इथे सुपरवायझरचा राग हा थेट सुरक्षेचा प्रश्न होतो.

हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांना रुग्णालयांच्या अभ्यासात एक अनपेक्षित गोष्ट दिसली. चांगल्या गटांमध्ये चुकांची नोंद जास्त होती. तिथे लोक चूक सांगायला घाबरत नव्हते, असा अर्थ त्यांनी लावला.

कशी वाढवावी?

• भावनेला नेमके नाव द्या. 'राग' म्हणजे कधी अपुरी झोप असते, कधी टार्गेटची भीती, तर कधी दुखावलेला मान.
• लगेच उत्तर देऊ नका. रागात टाइप केलेला मेसेज ग्रुपवर टाकण्याआधी दहा मिनिटे थांबा.
• ऐकलेले परत सांगा. "म्हणजे उतारावर ब्रेक कमी लागतो, बरोबर?" एवढ्यानेही समोरच्याला आपले ऐकले गेल्याचे कळते.
• चूक एकांतात दाखवा, कौतुक चारचौघांत करा.
• वाईट बातमी आणणाऱ्याचे आधी आभार माना, मग कारण विचारा.
• आपला तोल गेला, तर त्याच पाळीत माफी मागा.

मर्यादा

अपुरे मनुष्यबळ, रखडलेला पगार किंवा नादुरुस्त यंत्र यांवर भावनिक बुद्धिमत्ता हा उपाय नाही. "शांत राहा" असे सांगून तक्रार दाबणे तर तिच्या नेमके उलट आहे. चालकाचे शांतपणे ऐकून घेतल्यावरही ब्रेक दुरुस्त करावाच लागतो.