पटाशीला पाणी कोण देणार?

मागच्या महिन्यात मी लातूरच्या गंजगोलाईत गेलो होतो. ज्यांनी लातूर पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मधोमध एक गोलाकार इमारत आणि तिच्याभोवती फुटणारे 16 रस्ते, अशी ही बाजारपेठ. 1917 सालची ही रचना. एका रस्त्याला सोनं-चांदी, एकीकडे भांडी, एकीकडे मिरची, एकीकडे गूळ. निजामाच्या राज्यातली ही पेठ शंभर वर्षांनंतरही तशीच गजबजलेली आहे.

मी तिथल्याच एका हार्डवेअरच्या दुकानातून तीन पटाश्या आणल्या. अर्धा इंच, पाऊण इंच आणि एक इंच. सोबत एक लोखंडी रंधा. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत मी छोटंसं वर्कशॉप मांडलंय, त्यासाठी. आणि डोक्यात एक ठरलेलं काम होतं. आमच्या औसा तालुक्यातल्या जुन्या घराच्या दाराची सागवानी चौकट गेली तीसेक वर्षं पडून आहे. तिच्यातून आईसाठी चौरंग करायचा.

पटाशी चकचकीत होती, मूठ पिवळीधमक. चौकटीच्या लाकडात पहिलं भोक पाडायला घेतलं, हातोडीचे दहा-बारा ठोके मारले आणि धारेकडे बघितलं तर धार दुमडलेली. दगडावर घासून पुन्हा लावली, पुन्हा दुमडली. शंभर वर्षांचं सागवान जिंकलं, नवी पटाशी हरली. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "सर, एवढ्या किमतीत असंच येतंय."

त्या दिवशी मला प्रश्न पडला, तो आजच्या भागाचा विषय आहे. आपल्या भागात हत्यार "विकत घेणं" ही गोष्ट नेमकी कधी सुरू झाली? आणि त्याआधी हत्यार चांगलं की वाईट, हे कोण ठरवायचं?

आधी जुनी व्यवस्था समजून घेऊ. बारा बलुतेदारांमध्ये सुतार आणि लोहार हे शेतकऱ्याच्या सगळ्यात जवळचे. नांगर, वखर, तिफण, बैलगाडी हे सुताराचं काम. फाळ, पास, विळा, कुऱ्हाड हे लोहाराचं. शेतकरी लाकूड द्यायचा, लोखंड द्यायचा, बऱ्याचदा कोळसाही त्याचाच आणि भाता ओढायला घरातला एखादा पोरगा. मजुरी पैशात नाही. सुगी झाली की खळ्यावर धान्याचा ठरलेला वाटा, म्हणजे बलुतं.

या व्यवस्थेत नवं हत्यार घेणं क्वचित घडायचं, कारण लोखंड महाग. विळा झिजला, फाळ बोथटला की तो लोहाराकडे जायचा. तापवून, ठोकून त्याचं तोंड पुन्हा काढायचं. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, शेवटणे. "फाळ शेवटून आण" हे वाक्य आमच्या आजोबांच्या तोंडून मी स्वतः ऐकलंय. आणि शेवटल्यानंतर यायचं ते पाणी देणं. लाल तापवलेलं लोखंड पाण्यात बुडवून त्याची धार कडक करायची. पाणी कमी पडलं तर धार दुमडते, जास्त झालं तर तुकडा उडतो. ज्या लोहाराने पाणी दिलं तो त्याच गावात राहायचा. हत्यार बिघडलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी शेतकरी त्याच्या दारात. हत्याराची परीक्षा दोघं मिळून करायचे, आणि ती वर्षभर चालायची.

आता लोखंडाकडे येऊ. जुन्या मराठीत पोलादाला "तिखे" म्हणत. संस्कृत तीक्ष्णवरून आलेला शब्द. पूर्ण हत्यार तिख्याचं करणं परवडत नसे, म्हणून साध्या लोखंडाला धारेपुरतं तिखे जोडायचे. गंमत म्हणजे जगातलं अतिशय नावाजलेलं पोलाद आपल्या शेजारीच बनत होतं. नांदेडहून निजामाबादला जा आणि तिथून पुढे पूर्वेला, आजच्या तेलंगणात कोनसमुद्रम नावाचं गाव लागतं. 1820 च्या सुमारास हेन्री वॉयसी हा इंग्रज डॉक्टर आणि भूगर्भशास्त्रज्ञ तिथे गेला होता. त्याने लिहिलेलं वर्णन त्याच्या मृत्यूनंतर, 1832 मध्ये छापलं गेलं. दोन वेगवेगळ्या ठिकाणचं लोखंड ठरलेल्या प्रमाणात मिसळायचं, मातीच्या मुशीत बंद करायचं आणि भात्यावरची माणसं बदलत चोवीस तास आच द्यायची. मुशीतून निघायची पोलादाची वडी. ती घ्यायला इराणचे व्यापारी येऊन राहायचे आणि माल स्वतः पारखून न्यायचे. इंग्रजीत या पोलादाला वूट्झ म्हणतात.

हेच दक्षिणी पोलाद मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवलं. त्यावर 1795 मध्ये रॉयल सोसायटीत निबंध वाचला गेला. जेम्स स्टोडार्ट नावाच्या लंडनच्या चाकू-कात्र्या बनवणाऱ्या कारागिराने त्याची हत्यारं करून पाहिली आणि पुढे मायकेल फॅरडेला सोबत घेऊन त्यावर प्रयोग केले. हो, तोच विजेवाला फॅरडे. म्हणजे बघा, इराणी व्यापारी असो की लंडनचा कारागीर, पोलाद हातात आलं की सगळे पहिलं काम तेच करत होते जे मी घरी केलं. वापरून बघणं.

मग हे बदललं कसं? गोदावरीच्या खोऱ्यातून मनमाड ते हैदराबाद रेल्वे 1900 च्या आसपास सुरू झाली, ती नांदेडवरून गेली. लातूरला बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी 1911 साली पोचली. रेल्वेने कारखान्यातलं तयार लोखंड आणलं, स्वस्त आणि एकसारखं. मुशीतल्या पोलादाचे दिवस संपले. नांदेडला उस्मानशाही मिल उभी राहिली. मिल आली की यंत्रं येतात आणि यंत्रं आली की पाने-पक्कडवाला फिटर येतो. गावच्या सुतार-लोहारापेक्षा हा वेगळा कारागीर, पगार घेणारा.

तिकडे इंग्रजी मुलखात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 मध्ये लोखंडी नांगर बनवला. आज वाचून हसू येईल, पण पहिले सहा नांगर विकायला दोन वर्षं लागली. लोखंडाने जमिनीत विष उतरेल अशी लोकांची समजूत होती. मला मात्र ते शेतकरी अगदीच वेडे वाटत नाहीत. लाकडी नांगर करणारा सुतार त्यांच्या ओळखीचा होता. हा नांगर बनवणारा माणूस त्यांनी पाहिलेला नव्हता, आणि पैसे मात्र रोख मोजायचे होते. कारखान्यात बनलेलं, पेटीबंद हत्यार घेताना विश्वास कुणावर ठेवायचा, हा प्रश्न तिथे पहिल्यांदा उभा राहिला.

स्वातंत्र्यानंतर हातातल्या अवजारांचे कारखाने आपल्याकडेही निघाले. नाशिकला टपारिया टूल्सने 1969 मध्ये एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने उत्पादन सुरू केलं. त्यांची पक्कड तुमच्याही घरात असेल, शोधून बघा. आणि मराठवाड्यात 72 चा दुष्काळ पडला. खळ्यावर धान्यच नाही तर बलुतं कुठून देणार? कितीतरी कारागीर घराण्यांनी तेव्हा गाव सोडलं ते कायमचं.

जाता जाता शब्दांची एक गंमत सांगतो. रंधा हा शब्द फारसीतून आलाय. काटकोन बघायचा गुण्या हाही फारसीतूनच, आणि फारसीत तो ग्रीकमधून आला, तिथे गोनिया म्हणजे कोन. गिरमिट हे इंग्रजी गिमलेटचं मराठी रूप. करवत मात्र संस्कृत करपत्र. सुताराची एक पेटी उघडली तरी केवढा इतिहास खडखडतो बघा.

आता माझ्या चौकटीकडे. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. किल्लारीचा भूकंप. मी तेव्हा दुसरीत होतो. आमच्या भागातली घरं म्हणजे माळवदं. दगड-मातीच्या दोन-अडीच फुटी भिंती आणि वर लाकडाच्या छतावर मातीचा जाड थर. त्या भिंतींनी आणि त्या मातीने हजारो माणसं घेतली. पण नंतर तज्ज्ञांनी पाहणी केली तेव्हा एक गोष्ट ठळक दिसली. कितीतरी ठिकाणी भिंती कोसळल्या होत्या आणि खांब-तुळयांचा लाकडी सांगाडा, म्हणजे सुताराने उभारलेला खण, जागेवर उभा होता. म्हणून दुरुस्तीच्या सूचनांमध्ये खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरपे आधार ठोका, हेही सांगितलं गेलं.

आमच्या घराला तडे गेले, माणसं वाचली. घर उतरवताना आजोबांनी दाराची चौकट तेवढी बाजूला ठेवली. नव्या गावात सिमेंटचं घर आलं, त्याला लोखंडी चौकट आली. सुताराचं काम तिथेही कमी झालं.

दुमडलेली पटाशी घेऊन मी गावच्या लोहारमामांकडे गेलो. त्यांचे वडील माझ्या आजोबांना "मालक" म्हणायचे. मामा मला "बापू" म्हणतात. त्यांनी पटाशी हातात घेतली, कोपऱ्यावर कानस फिरवली. कानस भराभरा लोखंड खात गेली.

"बापू, ह्याला पाणीच न्हाई. नुसता रंग हाय."

त्यांनी मूठ काढली, टोक लाल केलं आणि गाडीच्या जळक्या तेलात बुडवलं. मग विटेच्या तुकड्याने घासून पातं पांढरं केलं आणि मागच्या बाजूने हळूहळू तापवायला लागले. पात्यावर रंग सरकायला लागले. आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, त्याच्यामागे तांबूस, त्याच्यामागे जांभळा, निळा. पिवळा रंग धारेपर्यंत आला आणि मामांनी झटकन पटाशी विझवली. विज्ञान असं की हा रंग म्हणजे पोलादावर चढणारा ऑक्साइडचा पातळ थर. साधारण 220-230 अंश सेल्सिअसला पिवळा, 300 च्या आसपास निळा. मामांकडे थर्मामीटर नाही, हा रंगच त्यांचा थर्मामीटर.

मी भारावून म्हणालो, "मामा, ही विद्या जायला नको होती. तुमच्या पोरांनी शिकायला पाहिजे होती."

मामा माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला हौस हाय म्हणून तू रविवारी करतूस. माझ्या बापाला रविवार नव्हता."

मी गप्प बसलो. त्यांचा थोरला आयटीआय करून पुण्याला कंपनीत आहे, धाकटी नर्स आहे. किती द्यायचे विचारलं तर म्हणाले, "दोनशे. रोख दे. बलुतं बंद झालंय." आणि हसले.

परत येताना बसमध्ये मी त्याच वाक्याचा विचार करत होतो. जुन्या व्यवस्थेत हत्याराची जबाबदारी घेणारा माणूस गावात होता, हे खरं. पण त्याला गाव सोडून जाता येत नव्हतं, भाव ठरवता येत नव्हता, हेही तितकंच खरं. माझ्या आजोबांचा विळा धारदार राहायचा त्याची किंमत कुणीतरी मोजत होतं. आज लोहाराचा मुलगा पुण्यात आहे आणि शेतकऱ्याचा नातू हौसेने पटाशी विकत घेतोय. हा बदल झाला ते चांगलंच झालं. फक्त त्यात परीक्षेचं काम आता घेणाऱ्यावर, म्हणजे आपल्यावर आलंय. ते आपण शिकून घ्यायला हवं.

म्हणून मी शिकलो ते सांगतो. पटाशी घेताना ती उजेडात धरून पाठ सपाट आहे का बघा. दुकानदाराने परवानगी दिली तर मुठीजवळच्या कोपऱ्यावर, धारेपासून लांब, बारीक कानस फिरवा. सहज खात असेल तर तो भाग मऊ आहे. पण थांबा, काही पटाश्या फक्त धारेकडच्या बाजूलाच कडक केलेल्या असतात, म्हणून शेवटचा निकाल लाकडावरच. घरी आणल्यावर आधी निसण्यावर नीट धार लावा. कारखान्याची धार अर्धवटच असते, तिच्यावरून हत्याराला नावं ठेवू नका. आधी सागावर चालवा, मग बाभळीवर. धार दुमडली तर पाणी कमी, तुकडा उडाला तर पाणी जास्त. दोन्हींवर इलाज आहे, लोहार सापडला तर.

चौरंगाचे तीन पाय बसलेत. पाणी दिलेल्या पटाशीने भोकं स्वच्छ पडतायत, चौथा पाय या रविवारी. आईने लाकूड ओळखलं. बोटाने एक खाच दाखवून म्हणाली, "इथं कडी होती."

तुमच्या गावात शेवटणे हा शब्द अजून कुणी वापरतं का? पटाशीला, वाकसाला, सामत्याला तुमच्याकडे काय म्हणतात? जरूर कळवा. पुढच्या भागात नांदेडला जाऊ, शिकलगारांच्या धारेची गोष्ट ऐकायला. तोपर्यंत, नमस्कार.